तुरट पाला, मेंढीचे पोट आणि आपला चहा

दोन महिन्यांपूर्वी बाह्यरुग्ण विभागात एक मेंढपाळ जोडपे आले. मावशी पंचावन्नच्या आसपासच्या. चेहरा पांढुरका, चार पायऱ्या चढल्या की धाप. हिमोग्लोबिन ८.२. त्याआधी तीन महिन्यांपूर्वी मीच त्यांना लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. गोळ्या त्यांनी चुकवल्या नव्हत्या. रिकामी पाकिटे पिशवीतून काढून समोर ठेवली. जंताची गोळी देऊन झाली होती, पाळी जाऊन काही वर्षे झाली होती, शौचावाटे रक्त जात नव्हते. तरी रक्त वाढलेले नव्हते. शेवटी विचारले, ‘‘मावशी, गोळी कशाबरोबर घेता?’’

‘‘च्याबरोबर की. सकाळी वाडा हलवायच्या आधी.’’

हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. तो राहिला, ही माझी चूक. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो आणि ते रक्तापर्यंत पोहोचू देत नाही, असे त्यांना समजावून सांगत होतो. शेजारी बसलेले त्यांचे यजमान लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, तुरट वाईट म्हणता, मग आमच्या मेंढरांचं कसं? ती तर बाभळीच्या शेंगा खाऊन धडधाकट होत्यात. आन् आता तर बाजारात मेंढराला द्यायची तुरट पावडर आलीय म्हणे. वजन वाढतंय, असं सांगत्यात. घ्यावी का?’’

मी माणसांचा डॉक्टर. त्या दिवशी मी त्यांना ‘‘विचारून सांगतो, मामा’’ एवढेच म्हणालो. नंतर एका पशुवैद्यक मित्राशी बोललो, थोडे वाचले. प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही, हे लक्षात आले. त्यात मेंढपाळाचा खिसा आहे, हवामानबदलाचे राजकारण आहे आणि आपल्या घरातल्या चहाचा कपही आहे.

तुरट म्हणजे नेमके काय?

कच्चे केळे, सुपारी, जांभूळ, डाळिंबाची साल, हिरडा किंवा कडक कोरा चहा तोंडात गेला की जीभ कोरडी पडते, गालांना आतून ओढ बसते. ही केवळ चव नाही. या पदार्थांतली टॅनिन नावाची द्रव्ये आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंड ‘बसते’. टॅनिनचा मूळ स्वभावच हा, की प्रथिन दिसले की त्याला धरायचे.

चर्मकारांना हा गुण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते. कच्चे कातडे म्हणजे प्रथिनच. टॅनिन त्याला धरून बसले की जिवाणूंना ते खाता येत नाही, म्हणून ते कुजत नाही. झाडाने टॅनिन बनवले ते मात्र चपलेसाठी नव्हे. पाला खाणाऱ्या किड्या-जनावरांनी तोंड फिरवावे म्हणून.

कातड्याला जिवाणूंपासून वाचवणारा हाच गुण मेंढीच्या पोटात उपयोगी पडू शकतो. त्यासाठी मेंढीच्या पोटाची रचना समजून घ्यायला हवी.

चार कप्प्यांचे पोट आणि वाया जाणारी पेंड

आपले पोट एक. मेंढीच्या पोटाला चार कप्पे. पहिला सर्वांत मोठा. पशुवैद्य त्याला कोटीपोट किंवा रुमेन म्हणतात. मोठ्या मेंढीत त्यात १० ते १५ लिटर माल मावतो. हा खरे तर आंबवण्याचा रांजण आहे. त्यात अब्जावधी जिवाणू राहतात. जे गवत आणि कडबा आपण पचवू शकत नाही, ते हे जिवाणू फोडतात. मेंढी रवंथ करते ती त्यांच्याच सोयीसाठी.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. मेंढपाळाने महागाची शेंगदाणा पेंड किंवा हिरवा लसूणघास घातला, तर त्यातल्या प्रथिनांवर पहिला ताव हे जिवाणूच मारतात. ते प्रथिन फोडून त्याचा अमोनिया करतात. त्यातला काही अमोनिया वापरून जिवाणू स्वतः वाढतात आणि पुढे आतड्यात मेंढी त्या जिवाणूंनाच पचवते. तेवढे ठीक. पण अमोनिया गरजेपेक्षा जास्त झाला की तो रक्तात शिरतो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि त्यातला बराचसा मूत्रावाटे जमिनीवर सांडतो. म्हणजे पेंडीचे पैसे मेंढपाळाचे, फायदा मातीचा. तोही पुरता नाही, कारण मूत्रातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो.

इथे टॅनिन कामाला येते. कोटीपोटातला सामू साधारण ६ ते ७ च्या दरम्यान असतो. या सामूला टॅनिन आणि प्रथिन यांची जोडी घट्ट राहते, जिवाणूंना ती सहज फोडता येत नाही. अन्न पुढे सरकत चौथ्या कप्प्यात, म्हणजे आपल्या जठरासारख्या खऱ्या जठरात आले की सामू ३ च्या आसपास उतरतो. त्या आम्लात जोडी सुटते, प्रथिन मोकळे होते आणि आतड्यात मेंढीला थेट मिळते. पशुवैद्यकीय भाषेत याला ‘बायपास प्रथिन’ म्हणतात. आमच्याकडे बायपास म्हटले की हृदय आठवते. इथे जिवाणूंच्या गर्दीला वळसा घालून प्रथिन पुढे नेले जाते.

पुरावा काय सांगतो?

प्रथिनाला वळसा घालून नेण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातली. १९६० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी मेंढ्यांच्या खाद्यातल्या प्रथिनावर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया केली आणि लोकर जास्त येते, हे दाखवले. लोकर हे गंधकयुक्त प्रथिन. ते बनवायला लागणारी अमिनो आम्ले आतड्यापर्यंत पोहोचली की लोकर वाढते. पुढे भारतातही दुभत्या जनावरांसाठी असे प्रक्रिया केलेले खाद्य तयार होऊ लागले. फॉर्माल्डिहाइड म्हणजे आमच्या शवविच्छेदनगृहातल्या फॉर्मालिनचा मूळ वायू. योग्य प्रमाणात, कारखान्यात, काळजीपूर्वक वापरला तर ही पद्धत चालते. पण हा वायू माणसात कर्करोग घडवू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. वाड्यावर किंवा घरच्या अंगणात करण्याचा हा प्रयोग नव्हे. म्हणून झाडांतल्या टॅनिनकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले.

न्यूझीलंडमध्ये ‘लोटस’ नावाच्या टॅनिनयुक्त चाऱ्यावर बरेच काम झाले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्यात महत्त्वाचा. मेंढ्यांना तोच चारा दिला. काहींच्या पोटात टॅनिनला निकामी करणारे रसायन सोडले, काहींच्या नाही. ज्यांच्या पोटात टॅनिन काम करत होते, त्यांच्या आतड्यातून आवश्यक अमिनो आम्लांचे शोषण सुमारे ६० टक्क्यांनी जास्त भरले. त्या चाऱ्यात टॅनिनचे प्रमाण सुमारे २ टक्के होते. पुढच्या प्रयोगांत लोकर, दूध आणि जुळी कोकरे होण्याचे प्रमाण यांतही सुधारणा दिसली.

आणखी दोन फायदे. लसूणघासासारखा कोवळा हिरवा चारा एकदम खाल्ला की जनावराचे पोट फेसाने फुगते आणि ते दगावू शकते. टॅनिन हा फेस होऊ देत नाही. दुसरे म्हणजे, मेंढीच्या जठरात रक्त पिणारा एक गोलकृमी असतो. तो वाढला की मेंढीला पंडुरोग होतो. पापणीच्या आतला रंग पाहून तो ओळखण्याचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला आणि जगभर वापरला जातो. मावशींची पापणी ओढून मी जे पाहिले, तेच तिथला मेंढपाळ मेंढीत पाहतो. काही टॅनिनयुक्त चाऱ्यांनी या कृमीचा जोर कमी होतो, असे दिसले आहे. जंतनाशक औषधे हळूहळू निकामी होत असताना हे महत्त्वाचे आहे. पण टॅनिन हे जंतनाशकाला पूरक आहे, पर्याय नव्हे.

मात्रा चुकली की...

न्यूझीलंडच्याच दुसऱ्या एका लोटस जातीत टॅनिन ५ टक्क्यांच्या वर होते. तिच्यावर अमिनो आम्लांच्या शोषणातला तो मोठा फायदा जवळपास नाहीसा झाला. कोरड्या खाद्याच्या हिशेबात साधारण २ ते ४ टक्के टॅनिन उपयोगी आणि ५-६ टक्क्यांपुढे तोट्याचे, असा ढोबळ नियम त्यातून निघाला. जास्त टॅनिन झाले की मेंढी कमी खाते, चाऱ्याचे पचन मंदावते आणि प्रथिन टॅनिनला चिकटलेलेच लेंडीतून बाहेर पडते.

टॅनिनचे प्रकारही दोन. वर सांगितलेले प्रयोग ‘संघनित’ टॅनिनचे. दुसरा प्रकार पोटात सहज फुटतो, त्याचे तुकडे रक्तात जातात आणि जास्त झाले तर यकृत व मूत्रपिंडांना इजा करतात. हिमालयाच्या पायथ्याला चारा संपला की जनावरे ओकची कोवळी पाने खातात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, हे तिथल्या पशुवैद्यांना चांगले माहीत आहे. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य मी रुग्णालयात रोज ऐकतो. काढ्याने मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण पाहिले की त्या वाक्याची भीती वाटते. ते मेंढीलाही लागू आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो जाहिरातीत सापडत नाही. टॅनिनचा फायदा केव्हा? जेव्हा खाद्यात प्रथिन भरपूर आहे आणि ते वाया जात आहे तेव्हा. न्यूझीलंडचे कुरण वर्षभर हिरवे. आपल्या दख्खनी मेंढीचे वर्ष तसे नाही. पावसाळ्यात हिरवे गवत, सुगीनंतर शेतातला पाला आणि मार्चपासून वाळके काड, कडबा, मिळेल तो झाडपाला. उन्हाळ्यातल्या वाळक्या चाऱ्यात प्रथिन इतके कमी असते की कोटीपोटातल्या जिवाणूंचीच उपासमार होते. खाद्यात प्रथिन साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले की जिवाणू मंदावतात आणि गवतही पचत नाही. अशा वेळी टॅनिनची पावडर घालणे म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातली अर्धी भाकर काढून घेणे. त्या दिवसांत मेंढीला आधी पेंड हवी, टॅनिन नको.

म्हणजे तीच पावडर पेंड खाणाऱ्या, विक्रीसाठी बांधून वाढवलेल्या बोकडाला किंवा जुळी पाजणाऱ्या मेंढीला उपयोगी, आणि माळावर वाळके गवत शोधत फिरणाऱ्या मेंढीला तोट्याची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जनुक तिने दख्खनी मेंढीत आणला. दोन कोकरांना पाजणाऱ्या मेंढीची प्रथिनाची गरज मोठी असते. तिला चांगले खाद्य मिळत असेल, तर त्यातले प्रथिन वाचवण्याला अर्थ आहे.

मिथेनचे राजकारण आणि मेंढपाळाचा खिसा

हा विषय आत्ताच का तापला? कारण मिथेन. कोटीपोटातले काही जीव हायड्रोजनपासून मिथेन करतात आणि जनावर तो तोंडावाटे सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापदायक. टॅनिनमुळे मिथेनही कमी होतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळूरुच्या पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले. गाई-म्हशी आणि मेंढ्यांमधला मिथेन त्याने १७ ते २० टक्क्यांनी घटतो, असे संस्थेने म्हटले आहे. तिथेच चिंचोक्याच्या टरफलांपासूनही असे खाद्य तयार झाले आहे. मामांच्या गावच्या बाजारातली पावडर यांपैकीच आहे की केवळ त्यांच्या बातम्यांवर स्वार झालेली, हे पाकीट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

जगात यावरून मतभेद आहेत. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा केली. भारत त्यात सामील झाला नाही. डेन्मार्कने पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावण्याचे ठरवले. न्यूझीलंडने तसाच विचार बरीच वर्षे केला आणि २०२४ मध्ये शेतीला त्या योजनेतून वगळले.

भारताची भूमिका मला समजण्याजोगी वाटते. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ७ कोटी ४० लाखांहून अधिक मेंढ्या आहेत. महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. आपल्याकडच्या मेंढीचा वर्षाचा मिथेन साधारण ५ किलो धरतात, म्हशीच्या सुमारे एक-दशांश. वातावरण तापण्याचे ओझे आधी माळावरच्या मेंढपाळावर टाकण्यात न्याय नाही. पण मिथेन म्हणजे मेंढीने खाल्लेल्या ऊर्जेतला वाया गेलेला वाटा, हेही खरे. तो घटला आणि प्रथिन वाचले, तर फायदा मेंढपाळाचाच. म्हणून हा विषय त्याच्यापुढे ‘पृथ्वी वाचवा’ म्हणून न मांडता ‘तुमची पेंड वाचवा’ म्हणून मांडायला हवा, आणि तोही ज्याच्याकडे पेंड आहे त्याच्यापुढेच.

एक जुळणारी गोष्टही आहे. टॅनिनमुळे मेंढीच्या अंगातून बाहेर पडणारा नत्र मूत्राऐवजी लेंडीत जास्त जातो. लेंडीतला नत्र पटकन उडून जात नाही. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवतो आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. खताचा कस वाढला तर त्या व्यवहारालाही बळ येईल.

मग करायचे काय?

बाजारातल्या अशा प्रत्येक पाकिटावर टॅनिनचा प्रकार, टक्केवारी आणि दररोजची मात्रा छापलेली असली पाहिजे. माणसांच्या औषधाला आपण हे बंधन घालतो. जनावराच्या पूरक खाद्याला का नको? दुसरे, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हंगामानुसार सल्ला मिळायला हवा: कोणत्या महिन्यात, कोणत्या चाऱ्याबरोबर, कोणत्या मेंढीला. एकच मात्रा वर्षभर सर्वांना, हे चुकीचे आहे. तिसरे, बाभळीच्या शेंगा, चिंचोक्याची टरफले असा माल आपल्या गावांतच आहे. त्याच्या मात्रा दख्खनी आणि माडग्याळ मेंढ्यांवर, आपल्या माळावर तपासल्या गेल्या पाहिजेत. परदेशी कुरणाचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि चौथे, माझ्या खात्याचे. आपल्याला कोटीपोट नाही, त्यामुळे मेंढीला मिळतो तो वळशाचा फायदा आपल्याला नाही. उलट टॅनिन धान्य-भाज्यांतले लोह धरून ठेवते. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या लोहाचे शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग आढळला. त्याची कारणे अनेक. सगळा दोष चहाला देता येणार नाही. पण चहा बदलायला पैसे लागत नाहीत, वेळ बदलली की पुरते. जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा. गोळीबरोबर लिंबूपाणी चालेल, आवळा चालेल. आणि गोळी लिहून देणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी ‘कशाबरोबर घेता’ हा प्रश्न विचारायचा विसरू नये.

मावशी गेल्या आठवड्यात पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन १०.१. अजून काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील, पण आता पायऱ्या चढताना थांबावे लागत नाही. सकाळचा चहा त्यांनी सोडलेला नाही. गोळी रात्री झोपताना घेतात. मामांना मी ऐकलेले-वाचलेले सांगितले. सध्या त्यांची मेंढरे वाळक्या गवतावर आहेत, म्हणून पावडरीचे पैसे पेंडीला लावा, पावसाळ्यानंतर पाकीट घेऊन पशुवैद्यांकडे जा आणि मगच ठरवा, असे म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘म्हंजी, औषध तेच, पर कुणाच्या पोटात आन् कवा, ते बघायचं.’’

औषधशास्त्राच्या पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो. मला त्यासाठी पाऊण तास लागतो.